दहा चेंडूंनंतर

क्रिकेटवर बोलायला एखाद्या माजी खेळाडूला बोलवावं, कवीला कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. मी कधी कुठल्या क्लबकडून खेळलेलो नाही. पण मी वसईचा, होळीला राहणारा. आमच्या भागात क्रिकेट खेळता आलं नाही तरी चालतं, कळावं मात्र लागतं. नाहीतर चहाच्या टपरीवर माणसाला कोणी बोलूच देत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात त्या टपरीवर पहिल्या कपाला एक विषय असायचा : आपल्या पालघरचा शार्दूल ठाकूर मुंबईचा कर्णधार झाला. दुसऱ्या कपाला दुसरा : आता सलामीला कोण?

पहिला विषय आनंदाचा होता, दुसरा भांडणाचा. मला वाटतं, हे दोन वेगळे विषय नव्हतेच.

२१ ऑगस्ट २०२५ रोजी अजिंक्य रहाणेने मुंबईचं कर्णधारपद सोडलं. नवा नेता घडवायला हीच वेळ योग्य आहे, आपण खेळाडू म्हणून खेळत राहू, असं त्याने जाहीर केलं. त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबईने मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भाला हरवून बेचाळिसाव्यांदा रणजी करंडक जिंकला होता. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत तर सलग १५ वर्षं हा करंडक मुंबईबाहेर गेला नव्हता. अशा संघाचं कर्णधारपद म्हणजे जुन्या वाड्याच्या किल्ल्यांचा जुडगा. कमरेला लावला की मिरवता येतो. पण कुठली खोली कुणाला उघडून द्यायची, ही रोजची कटकटही त्याबरोबर येते.

शार्दूलच्या हाती हा जुडगा आला, तो पश्चिम रेल्वेच्या अगदी वरच्या टोकाकडून. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. पालघर त्याच्याही पुढे. विरारच्या पलीकडे डहाणूपर्यंत लोकल धावू लागली ती एप्रिल २०१३ मध्ये. शार्दूल त्याआधीच, २०१२-१३ च्या हंगामात, मुंबईकडून रणजी खेळू लागला होता. म्हणजे या मुलाने लोकल नसलेल्या गावाहून किटबॅग उचलून मुंबईची मैदानं गाठली. नंतर बोरिवलीला दिनेश लाड सरांच्या हाताखाली तो शाळेत शिकला, त्यांच्या घरी राहिला. २०१८ मध्ये भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून परतल्यावर हा गडी अंधेरीहून गाडी पकडून पालघरला घरी गेला, ही गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात.

आता दुसऱ्या कपाकडे येऊ. सलामीची जागा मोकळी होती, याचं कारणही आमच्याच लाइनवरचं. विरारचा पृथ्वी शॉ. नोव्हेंबर २०१३ मध्ये शालेय स्पर्धेत ५४६ धावा करणारा, २०१८ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार, रणजीत एका डावात ३७९ धावा करणारा. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याला मुंबईच्या संघातून वगळलं. तंदुरुस्तीची आणि शिस्तीची कारणं वर्तमानपत्रांतून आली. पुढच्या हंगामाआधी तो महाराष्ट्राच्या संघात गेला.

त्याच्या जागेसाठी कोण? पुन्हा विरारच : आयुष म्हात्रे. सप्टेंबर २०२४ मध्ये इराणी करंडकासाठी लखनौला निघालेल्या मुशीर खानच्या गाडीला अपघात झाला, त्याच्या मानेला दुखापत झाली. त्या सामन्यात सतरा वर्षांच्या आयुषला सलामीला पाठवलं गेलं आणि त्याच महिन्यात त्याने महाराष्ट्राविरुद्ध १७६ धावा केल्या. पण मुशीरही काही वाट चुकून आलेला पोरगा नव्हे. २०२४ च्या रणजी अंतिम सामन्यात १३६ धावा करणारा तोच. शिवाय यशस्वी जैस्वाल. एप्रिल २०२५ मध्ये तो गोव्याकडे जायला निघाला होता, मग विचार बदलून मुंबईतच राहिला. भारताकडून खेळत नसेल तेव्हा तो येणार, आणि आला की कुणाला तरी उठावं लागणार. जानेवारी २०२५ मध्ये तसंच झालं. जम्मू-काश्मीरविरुद्ध रोहित शर्मा आणि जैस्वाल सलामीला आले आणि आयुष बाहेर बसला.

सलामीची जागा अशीच असते. मधल्या फळीत एखाद्याला एक पायरी खाली सरकवता येतं, दुसऱ्याला सामावून घेता येतं. सलामीला मात्र दोनच जण, नवा चेंडू आणि समोर ताजातवाना गोलंदाज. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये तर याहून कठीण. तिथे क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू असतो, सगळी चाल त्याच्या हातून सुरू होते, आणि मैदानावर तो एकच. माझा भाचा तिकडे असतो. तो सांगतो, मामू, नवा प्रशिक्षक आला आणि ही जागा मोकळी आहे असं म्हणाला, की अख्खं गाव दोन तट पाडून भांडतं. २००१ मध्ये न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जखमी झाला आणि त्याच्या जागी टॉम ब्रेडी आला. ब्लेडसो बरा झाला तरी जागा ब्रेडीकडेच राहिली. पण अंतिम फेरीच्या आदल्या सामन्यात ब्रेडीला दुखापत झाली, तेव्हा ब्लेडसोच मैदानात उतरला आणि त्याने संघाला अंतिम फेरीत नेलं. तिथे पुन्हा ब्रेडी खेळला, करंडक जिंकला, जगप्रसिद्ध झाला. ब्लेडसो पुढच्याच वर्षी दुसऱ्या संघात गेला.

आपल्याकडची अशी सर्वांत मोठी गोष्ट १९७१ ची. विजय मर्चंट निवड समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले आणि संघ वेस्ट इंडिजला गेला. वाडेकरांचं मोठेपण सांगताना आपण नेहमी दोन नावं घेतो. एक सलीम दुराणी. छत्तिशीचा हा माणूस विस्मरणात जाऊ लागला होता. त्याने पोर्ट ऑफ स्पेनला लॉइड आणि सोबर्स यांना बाद करून सामना फिरवला. दुसरं नाव सुनील गावसकर. चार कसोटींत ७७४ धावा.

मला तिसरं नाव घ्यायचं आहे. के. जयंतीलाल. हैदराबादचा सलामीवीर. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत गावसकरचं बोट दुखावलेलं होतं, म्हणून जयंतीलालला संधी मिळाली. भारताचा एकच डाव झाला. त्यात त्याच्या ५ धावा, स्लिपमध्ये सोबर्सच्या हाती झेल. पुढच्या कसोटीत गावसकर आला, ६५ आणि नाबाद ६७ धावा केल्या, भारत जिंकला. जयंतीलाल पुन्हा कधी कसोटी खेळला नाही. सगळी कारकीर्द एका डावाची.

यात कुणाची चूक काढता येत नाही. गावसकरला बाहेर ठेवून जयंतीलालला खेळवा, असं कोण म्हणेल? जो जिंकला त्याचा इतिहास होतो, आणि इतिहास इतका लख्ख असतो की शेजारी उभा असलेला माणूस त्या उजेडात दिसेनासा होतो. पण आमच्या वसई-विरारमध्ये गावसकर किती निघतील आणि जयंतीलाल किती? पहाटे डोळे चोळत पहिली गाडी पकडणाऱ्या मुलांत बहुतेक सगळे जयंतीलालच असणार. तेवढीही मजल मारली तरी घरात पेढे वाटले जातील. म्हणून नवा कर्णधार कसा आहे हे पाहताना मी गावसकर कोणी शोधला एवढंच पाहत नाही. जयंतीलालशी तो कसा वागतो, तेही पाहतो.

आणि इथे मला शार्दूलविषयी आशा वाटते. ऑक्टोबर २०१८ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध दोनच कसोटी झाल्या. पहिलीत, राजकोटला, पृथ्वी शॉने पदार्पण केलं आणि १३४ धावा ठोकल्या. दुसरीत, हैदराबादला, शार्दूलने पदार्पण केलं. दहा चेंडू टाकले, जांघेचा स्नायू दुखावला, लंगडत बाहेर आला. एकाच लाइनवरचे दोघे, आठ दिवसांचं अंतर. त्या आठवड्यात कुणाला विचारलं असतं की सात वर्षांनी यांच्यातला मुंबईचा कर्णधार कोण, तर उत्तर ठरलेलं होतं.

शार्दूलला दुसरी कसोटी मिळाली ती जानेवारी २०२१ मध्ये, ब्रिस्बेनला. सव्वादोन वर्षांनी. तीही कशी? बुमरा जखमी, शमी जखमी, उमेश जखमी, जाडेजा, अश्विन जखमी. दुसऱ्यांच्या दुखापतींतून उघडलेलं दार. त्याने त्या सामन्यात सात बळी घेतले आणि वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागीदारी केली. जयंतीलालला जे मिळालं नाही ते शार्दूलला मिळालं : दुसरी वेळ. दहा चेंडूंवर माणूस मोजता येत नाही, हे ज्याच्या अंगावर लिहिलेलं आहे तो कर्णधार दुसऱ्याला दहा चेंडूंवर मोजणार नाही, अशी आपण अपेक्षा ठेवू शकतो.

संघ कर्णधार एकटा निवडत नाही, निवड समिती असते, हे मला माहीत आहे. पण मैदानावरची हवा कर्णधाराची असते. आमच्या विरार लाइनवर एक रिवाज आहे. गाडीतल्या ग्रुपमध्ये जो चर्चगेटला बसतो, तो अर्ध्या वाटेत उठतो आणि उभ्या असलेल्याला बसायला देतो. कुणी सांगावं लागत नाही. बसलेल्याला ठाऊक असतं की ही जागा आपल्या नावावर नाही, आणि उभ्या असलेल्याला ठाऊक असतं की आपल्याला विसरलेले नाहीत. क्रिकेटमध्ये असं पाळीपाळीने बसवता येत नाही, तिथे धावाच कराव्या लागतात. पण त्या रिवाजातला दुसरा भाग कर्णधाराला नक्की पाळता येतो. काय केलं तर जागा मिळेल, किती डाव मिळतील आणि आज का उठावं लागतंय, हे तोंडावर सांगता येतं. माणूस नकार सोसतो हो, मौन सोसत नाही. मासिकाकडून साभार परत आलेली कविता मी पचवली आहे. वर्षभर उत्तरच आलं नाही, ती अजून सलते.

जुन्या कर्णधाराचीही यात बाजू आहे. पतौडी १९७२-७३ मध्ये इंग्लंडविरुद्ध वाडेकरांच्या हाताखाली खेळले. रहाणेही शार्दूलच्या हाताखाली खेळला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये छत्तीसगडविरुद्ध १५९ धावा करून उभा राहिला. खुर्ची सोडून घरातच राहणं सोपं नसतं. ज्या घरात म्हातारा चाव्या सुनेच्या हाती देतो आणि तरीही अंगणातलं पाणी स्वतः घालतो, ते घर चालतं.

त्या हंगामाची सुरुवात छान झाली. जानेवारीत मुंबईला मुंबईतच हरवून गेलेल्या जम्मू-काश्मीरला मुंबईने श्रीनगरमध्ये ३५ धावांनी हरवलं. पुढे कोणी किती धावा केल्या, हे तुम्ही वाचलेलं आहे. मला आज तो हिशेब मांडायचा नाही. पृथ्वीचं मात्र सांगतो. महाराष्ट्राकडून पहिल्या डावात तो शून्यावर बाद झाला, आणि त्याच महिन्यात चंडीगडविरुद्ध त्याने २२२ धावा केल्या. आमच्या टपरीवर त्या दिवशी कुणी म्हणालं नाही की तो आता आपला नाही. वसीम जाफरचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईला दोनदा करंडक मिळवून देणारा हा कर्णधार नंतर विदर्भाला गेला आणि तिथेही लागोपाठ दोन करंडक जिंकणाऱ्या संघात राहिला. रणजीतल्या त्याच्या १२,०३८ धावा दोन्ही घरांत मिळून झाल्या. जागा सुटते, म्हणून खेळ सुटतोच असं नाही.

आमच्या शेजारचा एक मुलगा निवड चाचणीत तीनदा मागे राहिला. आता तो लहान मुलांना शिकवतो. मी त्याला विचारलं, पोरांना पहिल्या दिवशी काय सांगतोस? म्हणाला, चाचा, सांगत काही नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकाला दोनदा बॅटिंग देतो. पहिल्यांदा घाबरून आउट होतातच.

मला वाटतं, नव्या कर्णधाराकडून यापेक्षा जास्त काही मागायची गरज नाही.