संगणकाला आज्ञा कशी द्यावी?



आपल्या ओझरला १९६४ साली विमान कारखान्याची स्थापना झाली. पुढे तेथे मिग-२१ विमाने तयार झाली. विमानाचे भाग ठरलेल्या क्रमानेच जोडावे लागतात. संगणकाचेही तसेच आहे. यंत्र म्हणजे हार्डवेअर. त्याला क्रमाने दिलेल्या आज्ञा म्हणजे सॉफ्टवेअर. अशा क्रमवार रीतीला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. नवव्या शतकात बगदादमध्ये ग्रंथरचना करणारे गणिती अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून हा शब्द आला.

निकालपत्रकाचे उदाहरण घेऊ. आज्ञा अशा: गुण वाच. गुण ३५ पेक्षा जास्त असतील तर ‘उत्तीर्ण’ लिही, नाहीतर ‘अनुत्तीर्ण’ लिही. यादी संपेपर्यंत हेच कर.

यात चूक दिसते का? बरोबर ३५ गुण मिळवणारी मुलगी येथे नापास होईल! शिक्षकांच्या ते ध्यानात येईल. यंत्राच्या येणार नाही. ‘३५ किंवा त्याहून जास्त’ असेच लिहिले पाहिजे.

म्हणून आज्ञा लिहिल्यावर ३४, ३५, ३६ हे आकडे घालून ती पडताळावी. त्यासाठी वही-पेन्सिल पुरे. मुलांनो, मुलींनो, हा सराव आजच सुरू करा. काठावरच्या विद्यार्थ्याचे एक वर्ष त्या एका शब्दावर अवलंबून असते.