गाण्यावरचा शेवटचा हात



गाणं रेकॉर्ड झालं, मिक्सिंग झालं, तरी एक काम उरतं. तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवून त्याची मूळ प्रत बनवायची, त्याला मास्टरिंग म्हणतात. अमेरिकेत फोक आणि कंट्री संगीताचे अल्बम पदरमोड करून काढणारे कलावंत पुष्कळ आहेत. स्टुडिओच्या भाड्यातच त्यांचा खिसा रिकामा होतो आणि मास्टरिंगच्या वेळी हात आखडता घेतला जातो. या कामाचं मोल कळावं म्हणून एका कॅसेटची हकिकत सांगतो. तिचा मालक काही गरीब गायक नव्हता, पण त्याची अडचण मात्र घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या कुणाचीही असू शकते.

जानेवारी 1982. न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक गावी, भाड्याच्या घरात रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन आपली नवी गाणी रेकॉर्ड करत होता. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं टीॲक कंपनीचं यंत्र, दोन माइक, गिटार आणि माउथ ऑर्गन, असा मोजकाच संसार. हा नुसता कच्चा खर्डा होता, पुढे बँडबरोबर पक्कं रेकॉर्डिंग व्हायचं होतं. ती कॅसेट तो डबीशिवाय खिशात टाकून हिंडत असे. पण बँडबरोबर केलेली गाणी त्याच्या मनाला येईनात. खर्ड्यातलं एकाकीपण त्यांत उतरत नव्हतं. शेवटी ठरलं, कॅसेटच अल्बम म्हणून काढायची. तोच ‘नेब्रास्का’.

आणि मग गाडं अडलं ते मास्टरिंगच्या खोलीत. एलपी काढायची तर आवाज आधी लॅकरच्या तबकडीवर कोरावा लागे. खर्ज जास्त असला की खाच जास्त हेलकावे खाते. डाव्या आणि उजव्या बाजूचा खर्ज एकमेकांविरुद्ध गेला, तर खाच उथळ होत जाते आणि सुई उडते. या कॅसेटची तबकडी करताना सुई खाचेत ठरेचना. नावाजलेल्या जाणकारांनी हात टेकले. एलपी नको, नुसती कॅसेटच विकू, इथवर गोष्ट आली. अखेर न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओत डेनिस किंग यांना ते साधलं. त्यांनी आवाजाची पातळी बरीच खाली ठेवली. सप्टेंबरात अल्बम बाजारात आला.

पुढे सीडीच्या जमान्यात वारं उलटं फिरलं. माझं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजलं पाहिजे, अशी चढाओढ लागली. तिचं हत्यार लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीच्या वर जाणारा आवाज छाटणारं साधन. रॉकमध्ये ते एक वेळ खपून जातं. पण नुसत्या बोटांनी छेडलेली गिटार आठवा: अंगठा खालच्या तारेवर ठेका धरतो, बाकीची बोटं वर सूर फिरवतात आणि प्रत्येक सुराच्या आरंभी नखाचा एक टणका असतो. लिमिटर नेमके ते टणके छाटतो. वर आवाज वाढवला, की गायिकेनं ओळीआधी घेतलेला श्वास शब्दाच्या बरोबरीनं कानावर येतो.

एवढं करून हाती काय लागतं? स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर सगळी गाणी उणे 14 एलयूएफएस (हे आवाजाचा मोठेपणा मोजण्याचं एकक) या पातळीच्या आसपास आणून वाजवतं. तुम्ही उणे 8 चं गाणं दिलंत, तर ते सहा डेसिबल खाली ओढलं जाणार. छाटलेले टणके मात्र परत येत नाहीत. कोल्हापुरात घरी भारूड रेकॉर्ड करून चढवणाऱ्यालाही हाच हिशेब लागू आहे.

नॅशव्हिलचे फोक कलावंत गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज यांची स्वतःची रेकॉर्ड कंपनी आहे. तबकडी मनासारखी निघावी म्हणून त्यांनी ती कोरण्याचं यंत्रच विकत घेतलं. त्यांचा 2011 चा अल्बम एलपीवर आला तो थेट 2017 मध्ये. हा हट्ट सगळ्यांना परवडणारा नाही, म्हणून बिनखर्चाच्या गोष्टी सांगतो. मास्टरिंगला मिक्स देताना त्यावर लिमिटर लावू नका, वर थोडी जागा मोकळी सोडा. एमपी3 नको, 24 बिटची वेव्ह फाइल द्या. आवाज कसा हवा ते समजावं म्हणून आवडता अल्बम कोणता, तेही कळवा. ज्यानं मिक्स केलं त्याच्याकडूनच मास्टरिंग करून घेण्याचा मोह टाळा. आठवडाभर तेच ऐकून त्याचे कान सरावलेले असतात, आणि त्याच्या खोलीत खर्ज फुगत असेल तर तो त्याला कळणारही नाही.

आणखी एक. मास्टरिंगवाल्याच्या हाती सहसा फक्त डावी-उजवी, अशा दोन ट्रॅकची एकजीव फाइल असते. वरणातून हळद वेगळी काढता येत नाही, तसा त्यातून गायकाचा आवाज वेगळा काढून चोख उचलता येत नाही. तेव्हा पैसे घेण्याआधीच ‘गायकाचा आवाज जरा वर घेऊन मिक्स पुन्हा पाठवा’ असं म्हणून फाइल परत करणारा कुणी भेटला, तर त्याला सोडू नका.