लोहचुंबक आणि रिव्हेटची मोडकी पिन

(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनीवर्गासमोर दिलेले भाषण)



आजच्या दिवशी कशावर बोलाल, असे चिटणीसबाईंनी मला विचारले तेव्हा मी म्हटले, "मोडक्या पिनेवर बोलते." त्यांना वाटले, मी साडीच्या पिनेबद्दल बोलणार. हसून त्या म्हणाल्या, "बोला की, आमच्याही पदराला पुष्कळ टोचल्या आहेत." पण मला सांगावयाचे आहे ते निराळ्या पिनेविषयी. बोटाच्या पेराहून जराशी लांब, सुईपेक्षा जाड, अशी ही लोखंडी काडी असते. काम संपले की ती कचरा होते आणि मग तिच्याकडे कोणी बघत नाही. सारी अडचण तेथेच आहे.

खिडक्यांना डासांची जाळी बसवण्यासाठी लागणाऱ्या अॅल्युमिनियमच्या चौकटी मी घरामागच्या पडवीत बनवते, हे आपणांपैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. आपल्या गल्लीतल्या तिघी-चौघीजणी दुपारची आवराआवर झाली की या कामाला येतात. गेल्या पावसाळ्यात एकदा वीस चौकटी संध्याकाळपर्यंत द्यावयाच्या होत्या. घाई होती. त्यांतल्या एका सूनबाईंच्या हातातल्या रिव्हेटच्या पकडीत मोडकी पिन अडकली. तिने ती झटकून पाहिली, निघेना. शेवटी पकड टेबलाच्या कडेवर आपटली. पिन सुटली ती थेट उडाली आणि तिच्या भुवईला लागली. रक्त आले, टाका पडला नाही, सगळे थोडक्यात निभावले. पण भुवई आणि डोळा यांत अंतर ते किती? अर्धे बोट! डोळ्यांवर घालावयाचा चष्मा मी तिला दिलेला नव्हता. ही चूक माझी, तिची नव्हे.

दुसऱ्या दिवशी तिच्या सासूबाई माझ्याकडे आल्या. आज त्या समोरच बसल्या आहेत. त्या रागावल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. एवढेच म्हणाल्या, "महिन्याला चार पैसे येतात हे खरे, पण पोरीचा डोळा गेला तर त्या पैशांचे काय करायचे?" काकू, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. नंतर महिनाभर सूनबाई कामाला आल्या नाहीत आणि मला त्यांना बोलावण्याचा धीर झाला नाही. त्या महिन्यात मी एकच केले. ही पिन का अडकते, आणि तिला सुखाने बाहेर कशी काढावी, याचा नीट विचार केला. आजचे भाषण म्हणजे काकूंच्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम ही पकड काम कशी करते ते समजून घेऊ. रिव्हेट म्हणजे अॅल्युमिनियमची पोकळ नळी. तिच्या आरपार लोखंडी पिन असते आणि पिनेच्या एका टोकाला फुगीर डोके असते. दोन पट्ट्या जोडावयाच्या असल्या की दोहोंतून भोक पाडावे. ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटला ३.३ मिलिमीटरचे भोक, म्हणजे रिव्हेट सहज आत जाईल पण डुगडुगणार नाही. रिव्हेट भोकात घालावा, पिन पकडीच्या नोझलमध्ये घालावी आणि मुठी दाबाव्या. आतले छोटे जबडे पिनेला धरून मागे ओढतात. पिनेचे फुगीर डोके पलीकडच्या बाजूने नळीत शिरू बघते, नळी तेथे फुगते आणि पट्ट्या घट्ट आवळल्या जातात. मग पिनेची बारीक मान तटकन तुटते. डोके रिव्हेटमध्ये राहते आणि उरलेली काडी पकडीच्या पोटात. या रिव्हेटची मौज अशी की, पलीकडून कोणी हातोडा धरून उभे राहावे लागत नाही. एकाच बाजूने एकटीला काम करता येते. इंग्लंड-स्कॉटलंडकडे १९१६ च्या सुमारास हॅमिल्टन नील वायली नावाच्या गृहस्थाने या युक्तीचे पेटंट मागितले, आणि आज विमानापासून आपल्या जाळीच्या चौकटीपर्यंत ती सगळीकडे चालते.

आता हिशेब करा. माझ्या एका चौकटीला आठ रिव्हेट लागतात. वीस चौकटी म्हणजे एकशे साठ रिव्हेट, आणि तितक्याच मोडक्या पिना. प्रत्येक पिन पकडीतून बाहेर यायलाच हवी, त्याशिवाय पुढचा रिव्हेट आत जात नाही. आणि बाहेर आलेली पिन जमिनीवर पडली, तर ती चपलेच्या तळव्यात रुतून, नाहीतर लुगड्याच्या काठात अडकून घरी जाते. घरात रांगते मूल असेल तर पुढचे मी सांगावयास नको.

अशा कामाला लोहचुंबक फार उपयोगी पडतो. पण चुंबक म्हणजे जादूची कांडी नव्हे. तो काय करतो आणि काय करीत नाही, हे कळले तरच त्याचा उपयोग.

पहिली गोष्ट, चुंबक ओढतो ते लोखंड आणि पोलाद. अॅल्युमिनियमला तो हातही लावत नाही. आपण नेहमी वापरतो त्या रिव्हेटची नळी अॅल्युमिनियमची आणि पिन पोलादाची असते, म्हणून पिन चुंबकाला चिकटते. पण बाजारात पिनेसकट सगळा अॅल्युमिनियमचा रिव्हेटही मिळतो, त्याच्यापुढे चुंबक व्यर्थ. स्टेनलेस स्टीलच्या पुष्कळशा पिना तर अगदी मलूलपणे चिकटतात, किंवा चिकटतच नाहीत. तेव्हा नवे पुडके फोडले की एक पिन चुंबकाला लावून पाहावी. तांदूळ शिजला की नाही हे आपण एका शितावरून ओळखतो, तसेच हे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पकडीतले जबडे एका निमुळत्या शंकूत बसवलेले असतात आणि तो शंकू पुढच्या बाजूस अरुंद होत जातो. म्हणून पिन पुढे ओढली की जबडे तिच्याबरोबर अरुंद जागेत सरकतात आणि अधिकच आवळतात. गायीच्या गळ्यातला सरकफास आपण पाहिला आहे ना? गाय जितकी हिसका देते, तितका तो घट्ट बसतो. त्याच न्यायाने, मुठी पुरत्या उघडलेल्या नसताना अडकलेली पिन पुढून चुंबकाने किंवा सांडशीने ओढणे म्हणजे फास आवळणे. मुठी पूर्ण उघडल्या की नोझलचे मागले टोक जबड्यांना मागे रेटून धरते, ते विस्फारतात आणि पिन मोकळी होते. मग ती नोझल खाली करताच पडते, किंवा साध्या चुंबकाने अलगद निघते.

याच कारणाने, बॅटरीवर चालणाऱ्या ज्या पकडींत पिना मागच्या बाटलीत जमा होतात, त्यांत चुंबकाची योग्य जागा मागे आहे. मागे जाणाऱ्या पिनेला जबडे अडवीत नाहीत. बाटलीतल्या पिना नोझल खाली केल्यावर परत नळीकडे घरंगळत असतील, तर बाटलीच्या बाहेरच्या बाजूस एक चपटा चुंबक चिकटपट्टीने लावावा. पिना तेथेच धरून राहतात. कारखान्यांतल्या हवेवर चालणाऱ्या पकडींत हेच काम हवेच्या ओढीने होते, पिन मागे खेचली जाते. आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून आपण चुंबकाचे साहाय्य घ्यावयाचे.

हे वाचताना मला आपल्याच एका जुन्या ग्रंथाची आठवण झाली. सुश्रुतसंहितेत शरीरात शिरलेले लोखंडी शल्य अयस्कांताने, म्हणजे लोहचुंबकाने काढावे असे सांगितले आहे. पण कोणते शल्य? जे आत घट्ट रुतलेले नाही, ज्याला आकडे नाहीत, जे सरळ दिशेने आहे आणि ज्याच्या जखमेचे तोंड रुंद आहे, असेच. बाकीच्यांना उपाय वेगळे. तो वैद्य चुंबकावर भुलला नाही, त्याने त्याची मर्यादा ओळखली. आणि भगिनींनो, आणखी एक कथा खास आपल्यासाठी. स्वित्झर्लंडकडे मारी कोलिने नावाची एक सुईण होती, शस्त्रक्रियाही करी. तिचा नवरा विल्हेल्म फाब्री हा नामांकित शस्त्रवैद्य. १६२४ साली एका माणसाच्या डोळ्यात पोलादाची कपची शिरली. फाब्रीचे उपाय चालेनात, तेव्हा चुंबक लावण्याची कल्पना त्याच्या बायकोने काढली आणि कपची निघाली. फाब्रीने या कल्पनेचे श्रेय मोकळ्या मनाने बायकोला दिले. नवऱ्यांनी हे ऐकून ठेवावे!

आता प्रत्यक्ष रीत सांगते. आमच्या पडवीत हल्ली ती अशी चालते.

प्रत्येकीच्या उजव्या हाताशी प्लॅस्टिकचा एक उथळ डबा असतो आणि त्याच्या बुडाखाली बाहेरून चुंबक लावलेला असतो. रिव्हेट बसला की मुठी पूर्ण उघडून नोझल डब्यात खाली करावयाचे. पिन पडते आणि बुडाशी चिकटून बसते. डबा धक्का लागून उलटला तरी पिना सांडत नाहीत. संध्याकाळी डबा भंगाराच्या पिंपावर उलटा धरून चुंबक काढून घेतला की साऱ्या पिना एकदम खाली पडतात. चुंबक उघडा ठेवला असता, तर एकेक पिन नखाने सोडवीत बसावे लागले असते.

काम संपल्यावर दुसरा चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काठीला बांधावयाचा आणि जमिनीवरून फिरवावयाचा. केरसुणीला जे सापडत नाही ते त्याला सापडते. मग पिशवी उलटी करून चुंबक बाहेर ओढला की पिना पिशवीत राहतात. याच्या आधी आम्ही रोज झाडीत होतो, आणि तरी पहिल्या दिवशी टेबलाच्या पायाशी मूठभर पिना निघाल्या. मला लाज वाटली.

पिन अडकली तर काय करावे? बॅटरीची पकड असेल तर आधी बॅटरी काढावी. मुठी पूर्ण उघडाव्या. नोझल खाली धरून टोकाशी चुंबक न्यावा. सुटलेली असेल तर येईल. नाही आली, तर तेथेच थांबावे. आपटू नये, नोझलमध्ये डोळा घालून पाहू नये. पुढचा भाग फिरवून सोडवावा, जबडे बाहेर काढावे, त्यांच्या दातांत बसलेला धातूचा चुरा कडक ब्रशाने साफ करावा आणि तेलाचा एक थेंब देऊन परत बसवावे. बहुतेक वेळा दोष त्या चुऱ्याचाच असतो, नाहीतर नोझल पिनेच्या मापाचे नसते. दात झिजले असतील तर नवे जबडे घ्यावे.

एक सावधगिरी येथेच सांगते. चुंबक पकडीच्या तोंडावर ठेवून देऊ नये. जबडे कडक पोलादाचे असतात. ते स्वतःच थोडे चुंबक बनतात आणि मग बारीक चुरा धरून ठेवतात. औषधच रोग व्हावे तसे होते.

दुसरी सावधगिरी घरासाठी. हल्ली निओडिमियमचे चुंबक मिळतात. १९८२ ते १९८४ या काळात जपानात आणि अमेरिकेत त्यांचा शोध लागला. आकाराने शर्टाच्या गुंडीएवढे, पण ओढ अशी की दोन चुंबकांत सापडलेली कातडी चिमटून निघते. मुलाने असे दोन चुंबक गिळले तर ते आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना धरतात आणि आतडे फाटू शकते. तेव्हा असा चुंबक मुलांच्या हाताला लागेल तेथे कधीही ठेवू नये, आणि गिळल्याचा संशय जरी आला तरी वाट न पाहता इस्पितळ गाठावे. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाच्या छातीजवळही हा चुंबक नेऊ नये.

आता मंडळाला माझी एक विनंती आहे. आपल्या उद्योगवर्गात रिव्हेटचे काम शिकवावयाचे ठरत आहे, ही आनंदाची गोष्ट. पण खरेदीच्या यादीत पकडीच्या आधी डोळ्यांचे चष्मे लिहावे. जितक्या जणी, तितके चष्मे. एकीचा काढून दुसरीला द्यावयाची पाळी येऊ नये. त्याखाली चुंबक आणि डबे. पकडी त्यानंतर.

काकू, तुमच्या प्रश्नाचे पुरे उत्तर माझ्याजवळ आजही नाही. डोळ्याला मोल नाही, हे तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे. मी एवढेच सांगू शकते की, ती पिन आता आमच्याकडे उडत नाही, डब्यात पडते. महिन्याभराने तुम्ही स्वतः सूनबाईंना घेऊन आलात आणि डबा, चुंबक, चष्मा सारे हाताळून पाहिलेत. जाताना म्हणालात, "चष्मा काढलास तर घरी येऊ नकोस." ते वाक्य मी पडवीच्या दारावर लिहून लावले आहे. वर्गाच्या दारावरही तेच लावावे, अशी माझी सूचना आहे.