उणे सात नारळ

कविता लिहिणाऱ्या माणसाचं किराणा दुकानात काय काम, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. महाडच्या बाजारपेठेत आमचं वडिलांपासूनचं दुकान आहे. धाकटा भाऊ ते चालवतो. पोलादपूरला त्याचंच दुसरं, लहान दुकान आहे. दुकानाशी माझा संबंध उरला होता तो ईदच्या आधी शेवया आणि खजूर घरी नेण्यापुरता. पण २०२१च्या दिवाळीच्या सुमारास भावाचा फोन आला. "भाई, तुम्ही या. काँप्युटर बसवतोय. शब्दांचं काम आहे."

काँप्युटर का बसवायचा, ते विचारायची गरज नव्हती. त्याच वर्षी २२ जुलैला महाड बुडालं होतं. सावित्री महाबळेश्वराच्या डोंगरातून निघते, पोलादपूरवरून आमच्याकडं येते. गांधारी तिला इथं मिळते. त्यात खाडीला भरती असली की पाण्याला खाली जायला वाट मिळत नाही. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. पाणी उतरलं तेव्हा दुकानात गुडघाभर चिखल होता आणि भिजून फुगलेल्या डाळींचा वास. तो वास महिनाभर नाकातून गेला नाही.

तसा पूर आम्हाला नवा नाही. २००५च्या जुलैतही दुकान पाण्याखाली गेलं होतं. तेव्हा वडील होते. त्यांनी उधारीच्या चोपड्या सोडवून पानं न् पानं दोरीवर वाळत घातली होती. शाईच्या पेनानं लिहिलेलं निळं पाणी होऊन गेलं, बॉलपेनचं राहिलं. "शाई सुंदर दिसते, पण पोहता येत नाही तिला," असं ते म्हणाले आणि त्या दिवसापासून बॉलपेन वापरू लागले. २०२१ला मात्र वाळत घालण्यासारखं पानच हाती लागलं नाही. चोपड्यांचा लगदा झाला होता.

मग विम्याचा माणूस आला. त्यानं सरळ विचारलं, "माल किती होता?" भावानं तोंडपाठ सांगितलं: तेलाचे इतके डबे, साखरेची इतकी पोती, साबणाच्या इतक्या पेट्या. खोटं एक अक्षर नव्हतं. पण तो म्हणाला, "कागद दाखवा." खरेदीची बिलं चिखलात गेलेली. डोक्यातला हिशेब हा पुरावा होत नाही. मागितलं त्याच्या निम्मेही पैसे मिळाले नाहीत. त्या रात्री माझी पुतणी बापाला म्हणाली, "अब्बा, आता हिशेब डोक्यातही नको आणि चोपडीतही नको." ती बी. कॉम. आहे. पुढची सगळी मोहीम तिची.

यंत्रं आणणं सोपं होतं. संगणक, बिल छापायचा लहानसा थर्मल प्रिंटर, बारकोड वाचणारी ती हातातली पिस्तुलासारखी वस्तू. मला वाटायचं त्या पिस्तुलात काही जादू असेल. पुतणीनं सांगितलं, "चाचा, हा फक्त टाइप करतो." खरंच, पाकिटावरच्या पट्ट्या वाचून तेरा आकडे उमटवतो आणि एंटर दाबतो. आपल्याकडच्या मालावर ते बहुधा ८९० नं सुरू होतात. शेवटचा आकडा आधीच्या बाराची पडताळणी करतो. नॉर्मन वुडलंड नावाच्या अमेरिकन माणसाला या पट्ट्या समुद्रकिनाऱ्यावर सुचल्या. त्याला तारेची कडकट्ट भाषा येत होती. वाळूत टिंबं आणि रेघा काढता काढता त्यानं बोटं खाली ओढली आणि बारीक-जाड पट्ट्या झाल्या. १९५२ला पेटंट मिळालं, पण दुकानात पहिलं पाकीट त्या पद्धतीनं विकलं गेलं १९७४ साली. ते च्युइंगमचं होतं.

पण आमच्या दुकानातला निम्मा माल सुटा. पोत्यातल्या तांदळाला कुठला बारकोड? त्याला आपण नाव द्यायचं, आपणच आकडा द्यायचा. शब्दांचं काम म्हणजे हे होतं. यादी करायला बसलो तर दीड हजारावर नावं निघाली आणि प्रत्येकाला दोन-तीन टोपणनावं. आमसूल, कोकम, सोलं: वस्तू एकच. जिरं, जिरे, जीरा. पोलादपूरचा पोरगा स्वतःला येईल तसं लिहायचा, महाडचा नोकर त्याला येईल तसं. यंत्राच्या लेखी तीन शब्द म्हणजे तीन वस्तू. मी सवयीनं समानार्थी शब्दांवर खूश होणारा माणूस. तिथं बसून दोन दिवस एकेक समानार्थी शब्द मारत होतो.

तरी एक निसटलाच. पंधरा दिवसांनी पडद्यावर आकडा दिसला: नारळ, शिल्लक उणे सात. भाऊ हबकला. "नसलेले सात नारळ मी विकले कसे?" शोध घेतला तेव्हा कळलं. घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावर 'श्रीफळ' छापलेलं असतं, म्हणून खरेदी श्रीफळाच्या नावानं चढत होती. गिऱ्हाईक मागतं नारळ, म्हणून विक्री नारळाच्या नावानं. श्रीफळं वाढत चालली होती, नारळ शून्याच्या खाली गेला होता. आम्ही 'नारळ' ठेवला. देवळाकडं निघालेलं गिऱ्हाईक अजून श्रीफळच मागतं. पोरगा टाइप करताना नारळ करतो.

दुसरी अडचण घट. साखरेचं ५० किलोचं पोतं फोडून किलो-किलोनं विकलं तर शेवटी ५० भरत नाही. काही सांडतं, काही मुंग्या नेतात, काही तराजूच्या कलत्या हातातून जातं. वडील म्हणायचे, तागडी गिऱ्हाइकाकडं जराशी झुकलेली बरी. यंत्राला झुकणं कळत नाही. ते विचारतं, पाऊण किलो कुठं गेलं? मीठ उलट. सुटं मीठ पावसाळ्यात हवेतलं पाणी पितं आणि वजनानं वाढतं. शेवटी 'घट-वाढ' असं सदर करून दर महिन्याला मोजदाद ठरवली. मोजायला लागल्यावर एक कळलं, जे इतकी वर्षं कुणी मोजलंच नव्हतं: महागड्या साबणांत आपले पैसे दोन-दोन वर्षं अडकून पडतात आणि पोलादपूरला काड्यापेट्या मात्र दर आठवड्याला कमी पडतात.

कराचं सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की १८ जुलै २०२२पासून सुट्या तांदळाला कर नाही आणि तोच तांदूळ छापील पिशवीत बांधला की पाच टक्के, म्हणून एका तांदळाच्या दोन नोंदी ठेवाव्या लागल्या. पुढं २२ सप्टेंबर २०२५ला साबण, टूथपेस्ट, बिस्किटं अठरावरून पाच टक्क्यांवर आली, तेव्हा पुतणी आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत दर बदलत बसली होती. बिलाचा पहिला क्रमांक काय द्यायचा, हे विचारलं तेव्हा भाऊ क्षणभरही न थांबता म्हणाला, "सातशे शहाऐंशी." वडील चोपडीच्या पहिल्या पानावर तेच लिहायचे.

रोज रात्री हिशेबाची एक प्रत इंटरनेटवर जाते. जोराच्या पावसात पोलादपूरला नेटवर्क जातं, म्हणून दुसरी प्रत पेनड्राइव्हवर घेतात. तो पोरग्याच्या खिशातून तिकडच्या दुकानात जातो. ते दुकान चढावर आहे.

राहिली उधारी. सर्वांत अवघड तीच होती. चोपडी गेली होती, म्हणजे कोण किती देणं लागतं ते फक्त भावाला आणि देणेकऱ्याला ठाऊक. पुरानंतर बरेच जण आपणहून आले. एका म्हातारीनं तर भावाच्या आठवणीतल्या रकमेपेक्षा तीनशे चाळीस रुपये जास्त सांगितले. सगळे हरिश्चंद्र नव्हते. काही फिरकलेच नाहीत, एकानं निम्मीच रक्कम कबूल केली. भावानं तो सांगेल ती लिहायला लावली.

मग एका संध्याकाळी भाऊ आठवणीतून नावं सांगत होता आणि पुतणी टाइप करत होती. नाव, गाव, रक्कम. पोलादपूरकडच्या एका वाडीतल्या गिऱ्हाइकाचं नाव त्यानं सांगितलं: तीन हजार एकशे चाळीस, मुलीच्या लग्नातला किराणा. तिनं ते चढवलंही. आणि भाऊ थांबला. त्या जुलैत महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, पोलादपूरकडंही डोंगर खचले. हा माणूस त्यातच गेला होता. भाऊ त्याच्या मयतीला जाऊन आला होता. तरी जिभेवर नाव आलं, कारण पंचवीस वर्षं ते त्याच क्रमानं येत होतं.

"पुसू का, अब्बा?" पुतणीनं विचारलं. तो म्हणाला, "राहू दे आज."

मार्चअखेर हिशेब तपासनीस म्हणाले, हे येणं येणार नाही, नोंद उलटवून खातं बंद करा. त्यासाठी सदराचं नाव लागतं आणि ते सगळीकडं ठरलेलं आहे: बुडीत. भाऊ म्हणाला, "महाडच्या दुकानात हा शब्द मी लिहिणार नाही. त्या माणसानं काही बुडवलेलं नाही." आणि माझ्याकडं वळला. "भाई, दुसरा शब्द द्या."

मी 'माफ' म्हटलं. तो म्हणाला, माफ करणारा मी कोण? मी 'सोडून दिलेलं' म्हटलं, तेही त्याला पटलं नाही. दोन दिवसांत दीड हजार नावं ठरवणारा मी, या एका जागी अजून अडलेला आहे. तपासनीस दर वर्षी आठवण करतात. ३१ मार्चला ते तीन हजार एकशे चाळीस रुपये आणि ते नाव पुढच्या वर्षाच्या खात्यात जातात.