पंचांना न दिसलेला स्पर्श

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुम्हा सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. तुमच्याबरोबरच, मागच्या रांगांमध्ये बसलेल्या तुमच्या आईवडिलांचंही. या पदवीत त्यांचा वाटा किती आहे, हे तुम्ही जाणताच.

आज मी तुमच्यासमोर एका जर्मन टेनिसपटूचं आयुष्य ठेवणार आहे. गॉटफ्रीड फॉन क्राम हे त्यांचं नाव. १९०९ साली उत्तर जर्मनीतल्या एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. लहानपणी घोड्याला साखर भरवताना घोड्याने त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक तोडलं. पुढे त्याच हातात त्यांनी रॅकेट धरली. कायदा शिकायला ते बर्लिनला गेले, पण तिथल्या रोट-वाइस क्लबच्या लाल मातीवर त्यांचा जीव असा जडला की कायद्याचं शिक्षण मागे पडलं. १९३४ आणि १९३६ मध्ये त्यांनी फ्रेंच अजिंक्यपद जिंकलं. १९३५, १९३६ आणि १९३७ अशी सलग तीन वर्षं ते विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोहोचले आणि तिन्ही वेळा हरले.

मला मात्र त्यांचा एक वेगळाच पराभव महत्त्वाचा वाटतो. १९३५ मध्ये डेव्हिस चषकाच्या सामन्यात विम्बल्डनला जर्मनी आणि अमेरिका समोरासमोर होते. दुहेरीचा सामना पाचव्या सेटपर्यंत ताणला गेला आणि जर्मनीला मॅच पॉइंट मिळाला. आलेल्या चेंडूवर फॉन क्राम झेपावले, पण तो परतवला त्यांच्या जोडीदाराने, आणि असा जोरकस की अमेरिकन खेळाडू तिथवर पोहोचलेच नाहीत. पंचांनी गुण जर्मनीला दिला. जर्मनी सामना जिंकली होती. तेव्हा फॉन क्राम पंचांकडे गेले आणि म्हणाले की चेंडू आधी माझ्या रॅकेटला निसटता लागला होता, त्यामुळे हा गुण आमचा नाही. तो स्पर्श पंचांना दिसला नव्हता. गुण परत गेला, पाठोपाठ सामना गेला आणि पुढे ती लढतही जर्मनीने गमावली.

तेव्हा हिटलरला सत्तेवर येऊन दोन वर्षं झाली होती. खेळातला विजय म्हणजे राजवटीचा विजय, असं मानायचा तो काळ. अशा वेळी हातात आलेला सामना सोडून देणाऱ्या खेळाडूवर आपल्याच माणसांचा रोष ओढवणार, हे उघड होतं. फॉन क्राम यांना त्याची कल्पना नसेल असं मला वाटत नाही.

त्याच्या दोन वर्षं आधीची एक घटना सांगतो. दानिएल प्रेन हे जर्मनीचे अव्वल खेळाडू आणि फॉन क्राम यांचे डेव्हिस चषकातले सहकारी. प्रेन ज्यू होते. १९३३ च्या एप्रिलमध्ये ज्यू खेळाडूंना जर्मन संघातून वगळण्यात आलं आणि प्रेन यांना देश सोडावा लागला. या अन्यायाविरुद्ध लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये पत्र लिहिलं ते फ्रेड पेरी आणि बनी ऑस्टिन या इंग्लंडच्या दोघा खेळाडूंनी. आदल्याच वर्षी प्रेन आणि फॉन क्राम यांच्या संघाने इंग्लंडला हरवलं होतं! फॉन क्राम नाझी पक्षाचे सभासद कधीच झाले नाहीत, पण त्या राजवटीच्या झेंड्याखाली ते खेळत राहिले. हेही तुम्हाला सांगायला हवं, कारण सज्जन माणसांच्या आयुष्यातही असे गुंते असतात.

१९३७ च्या जुलैमध्ये पुन्हा विम्बल्डनलाच, पुन्हा अमेरिकेविरुद्ध, निर्णायक एकेरीत त्यांच्यासमोर डॉन बज होते. फॉन क्राम यांनी पहिले दोन सेट जिंकले, पुढचे दोन गमावले. पाचव्यात ४-१ अशी आघाडी घेऊनही ते ८-६ असे हरले. टेनिसच्या इतिहासातल्या सर्वोत्तम सामन्यांत आजही या लढतीचं नाव घेतात. हरल्यावर त्यांनी नेटपाशी जाऊन बज यांचं मोकळ्या मनाने अभिनंदन केलं.

आठ महिन्यांनी, मार्च १९३८ मध्ये, त्यांना अटक झाली. मानास्से हेर्ब्स्ट या तरुण ज्यू अभिनेत्याशी त्यांचे प्रेमसंबंध होते. जर्मन दंडसंहितेच्या कलम १७५ नुसार पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं हा गुन्हा होता. शिवाय हेर्ब्स्ट यांना परदेशी पैसे पाठवून मदत केल्याचाही ठपका होता. न्यायालयाने एक वर्षाची शिक्षा सुनावली आणि काही महिने तुरुंगात काढून ते बाहेर आले. त्यांच्या सुटकेसाठी समुद्रापलीकडून आवाज उठवला तो डॉन बज यांनी. ज्यांनी त्यांना हरवलं होतं, त्यांनीच नामवंत खेळाडूंच्या सह्या गोळा करून निषेधाचं पत्र धाडलं.

तुमच्यातले जे कायद्याचे पदवीधर आहेत, त्यांनी पुढचा भाग नीट ऐकावा. नाझी काळात कलम १७५ खाली झालेल्या शिक्षा जर्मन संसदेने रद्द ठरवल्या त्या २००२ मध्ये, फॉन क्राम यांच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनी. आपल्या देशात प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का सर्वोच्च न्यायालयाने पुसला तो २०१८ मध्ये. कायदा चुकतो, आणि ती चूक सुधारेपर्यंत माणसांची आयुष्यं सरून जातात. म्हणून चूक दिसताच बोलणारे वकील आणि न्यायाधीश समाजाला हवे असतात.

तुरुंगातून सुटल्यावर १९३९ मध्ये लंडनच्या क्वीन्स क्लब स्पर्धेत फॉन क्राम यांनी बॉबी रिग्ज यांना ६-०, ६-१ असं हरवलं. काही आठवड्यांनी रिग्ज विम्बल्डन विजेते झाले. फॉन क्राम त्या स्पर्धेत नव्हते. मग युद्ध आलं, त्यांना सैन्यात घेतलं गेलं आणि रशियाच्या थंडीत हिमदंशाने त्यांचे पाय जायबंदी झाले. एवढं होऊनही १९४८ आणि १९४९ मध्ये ते पुन्हा जर्मनीचे विजेते ठरले, चाळिशी ओलांडल्यावरही डेव्हिस चषक खेळले, आणि उद्ध्वस्त बर्लिनमध्ये आपला जुना क्लब पुन्हा उभा करायला त्यांनी हातभार लावला. १९७६ मध्ये कैरोजवळ मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

मित्रमैत्रिणींनो, खरं वागलं की सगळं चांगलं होतं, असं आश्वासन मी तुम्हाला देणार नाही. या आयुष्यात तसं घडलं नाही. पण तुमच्यातल्या प्रत्येकावर मॅच पॉइंटची ती वेळ येणार आहे. कुणासमोर न झालेल्या कामाचं बिल सहीसाठी येईल. कुणाच्या प्रयोगवहीत एकच आकडा असा असेल, जो गाळला की निष्कर्ष देखणा होतो. कुणाला ताळेबंदातली एक नोंद नजरेआड करायला सांगितलं जाईल. तो स्पर्श फक्त तुम्हालाच ठाऊक असेल. तेव्हा तो सांगा. त्याची किंमत मोजावी लागेल, ती मोजा.

आणि दुसरं कुणी ती किंमत मोजत असेल तर पेरी, ऑस्टिन आणि बज यांच्यासारखे वागा. तो माणूस तुमचा प्रतिस्पर्धी असला, दुसऱ्या जातीचा, धर्माचा, देशाचा असला, तरी त्याच्या बाजूने तुमच्या नावानिशी सही करा. एकट्या माणसाचा खरेपणा सहज चिरडता येतो. त्याच्यामागे दहा जण उभे राहिले की चिरडणाऱ्याला विचार करावा लागतो. या विद्यापीठातून आज तुम्ही इतके जण एकत्र बाहेर पडता आहात. एकमेकांना एकटं पडू देऊ नका.

तुमच्या हातून चोख काम होवो आणि तुमच्या शब्दाला वजन येवो, ही माझी मनापासून इच्छा.