भुंकण्याला मिळणारं बक्षीस



अर्थसंकल्प, संतसाहित्य आणि शेअर बाजार यांच्या रांगेत कुत्र्याच्या भुंकण्यालाही व्याख्यानाची एक संध्याकाळ दिलीत, याबद्दल संयोजकांचे आभार. कारण मला ठाऊक आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंग आणि गळती यांच्या पाठोपाठ हाच विषय निघतो आणि मग जनावरांचा डॉक्टर म्हणून मला फोन येतो.

कायद्याचं आधी उरकून घेतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि भुंकतो एवढ्या कारणावरून त्याला हाकलताही येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. मात्र सतत भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होतो, म्हणून विशेषतः रात्री त्याला शांत ठेवायचा प्रयत्न मालकाने करावा, असंही त्यातच आहे. दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचं वाक्य अधोरेखित करून सभेला येतात आणि कुत्रा तिकडे भुंकतच राहतो.

तो भुंकतो म्हणजे नक्की काय करतो? प्रौढ लांडगा फारसा भुंकत नाही. माणसाजवळ राहणारा कुत्रा मात्र ऊठसूट भुंकतो. बुडापेस्टच्या विद्यापीठातल्या पेतेर पोंग्रात्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुडी नावाच्या हंगेरियन मेंढपाळी कुत्र्यांचं भुंकणं वेगवेगळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केलं. दारात परका माणूस, खेळ, फिरायला निघण्याची घाई, एकट्याला बांधून ठेवणं असे ते प्रसंग. मग ते लोकांना नुसतं ऐकवलं. २००५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, कोणतं भुंकणं कुठल्या प्रसंगाचं हे लोकांनी नुसत्या अंदाजाने जुळलं असतं त्यापेक्षा बरंच चांगलं ओळखलं. ज्यांनी आयुष्यात कुत्रा पाळला नव्हता त्यांनीही. थोडक्यात, कान आपल्याला आहेत. आपण ते लावत नाही, ‘गप्प बस’ म्हणून मोकळे होतो.

एक उदाहरण सांगतो. सातव्या मजल्यावरचा तीन वर्षांचा बीगल. नवरा-बायको दोघंही नोकरीला. शेजारच्या काकू म्हणत, हा दिवसभर भुंकतो. मालकीणबाई म्हणत, आमच्यासमोर तर कधीच नाही. दोघीही खरंच बोलत होत्या. मी त्यांना एकच काम सांगितलं: जुना मोबाइल पुस्तकांच्या फळीवर ठेवा, चित्रीकरण सुरू करा आणि नेहमीसारखे कामाला जा.

एकटेपणाने कासावीस होणारा कुत्रा बहुधा पहिल्या काही मिनिटांतच सुरू होतो. दाराशी येरझाऱ्या घालतो, लाळ गाळतो, चौकट ओरबाडतो, विव्हळतो. हा पठ्ठ्या मात्र दार बंद झाल्यावर जांभई देऊन आपल्या गादीवर झोपला. तासाभराने लिफ्टचं दार खडखडलं. आधी एक कान हलला, मग मान वर, मग दाराकडे धाव आणि दणकून भुंकणं. पावलं दूर गेली, तो परत येऊन झोपला. पुन्हा लिफ्ट, पुन्हा तेच. त्याची गादी मुख्य दाराला टेकून होती. कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी बारीक आवाज ऐकू येतात. आपली मर्यादा साधारण २०,००० हर्ट्झ, त्याची ४५,०००च्या आसपास. आम्ही गादी आतल्या खोलीत हलवली, त्या खोलीत पंखा आणि आकाशवाणी चालू ठेवली. अर्धी तक्रार तिथेच मिटली.

उरलेली अर्धी दारावरच्या बेलची होती. इथे कुत्र्याच्या बाजूने विचार करा. कुरिअरवाला येतो, कुत्रा भुंकतो, कुरिअरवाला जातो. तो पाकीट देऊन जाणारच होता, हे कुत्र्याला कुठे माहीत? त्याच्या लेखी रोज एक घुसखोर त्याने पिटाळलेला असतो. इतकं हमखास यश मिळवून देणारं काम कोण सोडेल? त्यात आपणही भर घालतो. तो ताटाकडे बघून भुंकला की आजोबा ग्लुकोजचं बिस्किट टाकतात, ‘एकदाचा गप्प बसू दे.’ ती त्या भुंकण्याची बिदागी असते.

म्हणून बक्षिसाची दिशा बदलायची. बेलचा आवाज मोबाइलवर घ्या. अगदी हळू वाजवा, इतका की कुत्र्याचा कान हलेल पण तोंड उघडणार नाही, आणि त्याच क्षणी दारापासून दूरच्या चटईवर पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा टाका. पाच-सहा वेळा झालं की थांबा. काही दिवसांनी आवाज थोडा वाढवा. तो भुंकला तर तुम्ही घाई केलीत. एक पायरी खाली या. मग घरातल्याच कुणाला तरी बाहेरून खरी बेल वाजवायला लावा. बेल ऐकून कुत्रा आपसूक चटईकडे वळू लागला की जमलं. याला आठवडे लागतात, आणि घरातल्या एकाने जरी नियम मोडला तरी जास्त लागतात.

काही मागण्यासाठी भुंकणाऱ्याचं मात्र वेगळं. त्याला काहीच द्यायचं नाही, बघायचंही नाही. पण आधीच बजावतो: दुर्लक्ष केलं की भुंकणं कमी होण्यापूर्वी काही दिवस वाढतं. चौथ्या दिवशी कंटाळून बिस्किट दिलंत तर तो एवढंच शिकतो की, यापुढे आणखी जोरात आणि आणखी वेळ भुंकायचं.

जातीचाही भाग असतोच. सशामागे धावताना शिकाऱ्याला आवाजाने ठावठिकाणा कळावा म्हणून जो घडवला, त्या बीगलला फ्लॅटमध्ये मुका कसा कराल? १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने घराघरांत ओढ लावलेला पांढरा स्पिट्झ, ज्याला आपण सरसकट पॉमेरियन म्हणतो, तोही जात्याच चौकस. कुत्रा घेताना रंग बघतात, आवाज कुणी बघत नाही. निदान सकाळी त्याला हुंगू द्या. जिन्यावरून खाली, मुतवलं, वर, याला फिरवणं म्हणत नाहीत. वीस मिनिटं झाडांचे बुंधे निवांत हुंगलेला कुत्रा दुपारी झोपतो. रबरी पोकळ खेळण्यात दहीभात भरून गोठवा, तो चाटण्यात त्याची बरीच दुपार जाते.

विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांविषयी विचारतात. वेल्सने २०१० सालीच त्यांच्यावर बंदी आणली, आणि मला ती योग्य वाटते. घाबरून भुंकणाऱ्याला वर वेदना दिली की भीती वाढते. कधी भुंकणं थांबतं आणि सूचना न देता चावणं सुरू होतं, ते जास्त महाग पडतं.

एक चिठ्ठी आली आहे. ‘आमचा बारा वर्षांचा कुत्रा हल्ली रात्री भिंतीकडे पाहून भुंकतो. त्याला यम दिसतो का?’ बाई, त्याला बहुधा नीट दिसत नाही, हीच अडचण असेल. म्हातारपणी नजर आणि कान मंदावतात, सांधे दुखतात, मेंदूही थकतो आणि दिवस-रात्रीची गल्लत होते. त्याला शिकवणीची नाही, तपासणीची गरज आहे. ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. दुखण्यावर उपचार झाल्यावर रात्रभर झोपू लागलेले म्हातारे कुत्रे मी पाहिले आहेत. फक्त घरातली माणसाची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतं. उद्या सकाळी त्याला घेऊन डॉक्टरकडे जा, आणि आज रात्रीच्या भुंकण्याचं मोबाइलवर चित्रीकरण तेवढं सोबत न्या.