चोर बोंबील



हिंगोलीच्या बाजारात सुकट-बोंबलाचा वास आला की काही जण नाकाला रुमाल लावतात, काही जण पिशवी पुढे करतात. पिशवीवाल्यांना एक सांगणं आहे. बोंबील कालवणात टाकण्याआधी त्याचा जबडा नीट निरखा. बारीक, टोकदार, आत वळलेले दात दिसतील. एकदा धरलेलं सुटू नये म्हणून ही सोय. वाळवताना कोळणी दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी मांडवाच्या दोरीवर टाकतात. गाठ मारायची गरजच पडत नाही.

याच घराण्यातला दुसरा मासा म्हणजे चोर बोंबील, शास्त्रीय नाव सौरिडा टुंबिल. ताज्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच. हा मात्र अंगाने घट्ट, तोंड थेट सरड्यासारखं. पाठ मातकट, पोट पांढरं. उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी निपचित पडून राहतो. त्याचे काही भाऊबंद तर वाळूत शिरून नुसते डोळे वर ठेवतात. कोळंबी, माकूल, छोटा मासा टप्प्यात आला की झडप! दात टाळूवर आहेत, जिभेवरसुद्धा आहेत. स्वतःच्या जातीची पिल्लंही तो सोडत नाही.

आपल्या सिद्धेश्वर धरणातली मरळही दबा धरणारीच; पण तिला हवा घ्यायला वर यावं लागतं आणि तिथं ती जाणकाराला सापडते. चोर बोंबलाला तेवढंही करावं लागत नाही. ट्रॉलरच्या जाळ्यापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. ते तळ खरवडत येतं, दिसलेलं-न दिसलेलं सगळं गोळा करतं.

बाजारात त्याला पापलेटचा मान नाही. गोठवून ठेवला तर मांसात आपोआप फॉर्मल्डिहाइड तयार होतं आणि ते चिवट होतं. म्हणून ताजेपणीच धुऊन, वाटून त्याचा सुरिमी नावाचा लगदा करतात. रत्नागिरीत असे कारखाने आहेत. या लगद्यापासून खेकड्याच्या चवीच्या कांड्या बनतात. जन्मभर वाळूचं सोंग घेतलेला मासा, ताटात खेकडा होऊन येतो!

मासेमारीबंदीमुळे १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर किनाऱ्याला लागतात. तेवढे ६१ दिवस तळावरच्या कोळंबीला जाळ्याची धास्ती नसते, चोर बोंबलाची असतेच.